नजरेला पाठ झालेला नाका

संध्याकाळच्या गर्दीत भाईंदर पूर्वेच्या गोडदेव नाक्यावर नव्याने राहायला आलेला माणूस औषधाचं दुकान शोधताना पाटीमागून पाटी वाचत जातो. जुना रहिवासी वाचत बसत नाही. रिक्षा, हातगाड्या, माणसं यांच्यातून वाट काढत त्याची नजर नेमकी तिथेच जाते.

एका वेळी आपल्याला स्पष्ट दिसतो तो भाग फार लहान असतो. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत राहतात. भडक रंग, हालचाल नजर खेचून घेतात हे खरं, पण पुढची उडी कुठे घ्यायची हे ओळखीचा परिसरही सुचवतो.

येल विद्यापीठातल्या मार्विन चुन आणि युहोंग जियांग यांनी 1998 मध्ये याचा पुरावा दिला. पडद्यावर उभ्या-आडव्या ‘एल’ अक्षरांच्या गर्दीत एक ‘टी’ शोधायचा, एवढंच काम. काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत, काही दर वेळी नव्या असत. सरावानंतर ओळखीच्या मांडणीतला ‘टी’ लोकांना लवकर सापडू लागला. गंमत पुढेच आहे. यातली कुठली मांडणी आधी पाहिली होती, असं विचारल्यावर त्यांना ते सांगता येईना!

चुन आणि जियांग यांच्याच आणखी एका प्रयोगात भोवतालच्या चिन्हांचे आकार बदलले, जागा मात्र त्याच ठेवल्या. तरीही फायदा टिकला. म्हणजे मेंदूने जपलं होतं ते भोवतालच्या जागांशी शोधायच्या वस्तूचं असलेलं नातं. मराठी पाट्यांचंच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर राज्यात अनेक दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या. अक्षरं बदलली तरी नेहमीच्या गिऱ्हाइकाला दुकान शोधावं लागलं नसेल, ते याचमुळे.

ही स्मृती मेंदूत कुठे राहते? चुन आणि एलिझाबेथ फेल्प्स यांनी 1999 मध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस व त्याच्या आसपासच्या भागाला इजा झालेले स्मृतिभ्रंशाचे रुग्ण तपासले. सरावाने त्यांचाही वेग वाढला, पण ओळखीच्या मांडणीचा वेगळा लाभ त्यांना मिळाला नाही.

मांडणी तीच ठेवून शोधायची वस्तूच हलवली, तर मात्र मिळवलेला वेग जातो आणि नवी जागा अंगवळणी पडायला बराच सराव लागतो. दवाखाना, तिकीट खिडकी किंवा बसथांबा हलवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायलाच हवं. ठळक सूचना नव्या जागेइतकीच जुन्या जागीही लावावी, आणि ती काही महिने तरी राहू द्यावी. रोजच्या माणसांची नजर आधी तिकडेच वळणार आहे.