हालचालीतून घडणारा मेंदू

घरात तान्हे मूल असले की त्याच्या वाढीची चौकशी हालचालींवरूनच होते. मान धरली का, पालथे पडले का, रांगायला लागले का, पाऊल कधी टाकणार? या प्रश्नांमागे एक समजूत असते, की मेंदू आतल्या आत तयार होत जातो आणि त्याची तयारी झाली की हालचाल आपोआप उमटते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अर्नोल्ड गेसेल यांनी या समजुतीला शास्त्राचे रूप दिले. वाढीचा क्रम उपजतच ठरलेला असतो आणि बाहेरच्या अनुभवाने त्यात फारसा फरक पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवर दिसणारे वाढीच्या टप्प्यांचे तक्ते याच विचारपरंपरेतले. पण गेल्या चाळीस वर्षांतला पुरावा एकत्र ठेवून पाहिला, तर हे चित्र अर्धेच खरे ठरते. मेंदू हालचाल घडवतो हे खरे आहे, आणि हालचाल मेंदू घडवते हेही तितकेच खरे आहे. मूल आजारी असेल किंवा त्याच्या मेंदूला इजा झालेली असेल, तेव्हा यातली दुसरी बाजू विसरणे फार महागात पडते.

पहिला धक्का अगदी साध्या प्रयोगाने बसला. नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावले टाकल्यासारखे करते, आणि साधारण दोन महिन्यांनी ही क्रिया नाहीशी होते. कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, जागा झाला की तो ही आदिम प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे पाठ्यपुस्तके सांगत. १९८४ साली एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरले, तर पावले पुन्हा पडू लागली. उलट, पावले टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजने बांधली तेव्हा ती कमी झाली. पावले थांबण्याचे निदान एक मोठे कारण पायांत होते. या वयात मांड्यांवर चरबी झपाट्याने चढते आणि स्नायूंचे बळ मागे पडते. म्हणजे मेंदूतला बदल म्हणून जे सांगितले जात होते, त्याचा उलगडा शरीराच्या वजनातून होत होता.

त्याहून खोलवरचा पुरावा मज्जातंतूंच्या पातळीवर मिळाला. कॉर्टेक्समधून निघून मेरुरज्जूत उतरणारा तंतूंचा जुडगा हा आपल्या कौशल्यपूर्ण हालचालींचा राजमार्ग आहे. गर्भाच्या साधारण २४व्या आठवड्यापर्यंत हे तंतू मानेच्या मेरुरज्जूपर्यंत पोहोचलेले असतात, असे इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॅनेट आयर यांच्या गटाला दिसले. मोठ्या माणसात डावा मेंदू मुख्यतः उजवा हात चालवतो. नवजात बाळात मात्र प्रत्येक अर्ध्याचे संदेश दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्याच जोराने पोहोचतात. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याच बाजूच्या जोडण्या माघार घेतात आणि विरुद्ध बाजूच्या भक्कम होतात. हे केवळ घड्याळाप्रमाणे घडते का? अमेरिकेत जॉन मार्टिन यांनी मांजरीच्या पिल्लांमध्ये लहान वयात काही आठवडे एका बाजूच्या हालचालीच्या कॉर्टेक्सचे काम औषधाने बंद ठेवले. गप्प राहिलेल्या बाजूचे तंतू मेरुरज्जूतली आपली जागा गमावून बसले, जागत्या बाजूने ती बळकावली, आणि त्या बाजूने चालवायच्या पायाचे कौशल्य कायमचे अधू राहिले. जागा मिळते ती वापरणाऱ्याला. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूला इजा झालेल्या मुलांत आयर यांना हेच दिसले. सशक्त अर्धा दोन्ही हातांकडे जाणारे तंतू राखून ठेवतो आणि दुखावलेला अर्धा उरलेसुरलेही गमावतो. त्यामुळेच अशा बाळाचा हात पहिल्या काही महिन्यांत जवळपास ठीक वाटतो आणि अधूपणा हळूहळू उघडा पडतो.

झोपसुद्धा या घडणीत सामील आहे. तान्ही बाळे झोपेत बोटे, ओठ, पापण्या उडवत असतात. स्वप्नाचा तो पडसाद, असे आपण समजतो. आयोवा विद्यापीठातील मार्क ब्लुमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर दाखवले, की हे झटके मेंदूच्या देठातून निघतात आणि त्या अवयवातून परतणारी संवेदना वरच्या कॉर्टेक्सला जागवते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत हालचालीचे केंद्र म्हणवणारा भाग मुळी हालचाल चालवतच नाही, तो शरीराकडून शिकत असतो. आधी ऐकणे, मग हुकूम देणे असा हा क्रम आहे, आणि मला तो या सगळ्या संशोधनातला सर्वांत विलक्षण निष्कर्ष वाटतो.

पहिले पाऊल पडल्यावरचा सराव तर थक्क करणारा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळेपणी खेळू देऊन मोजणी केली, तेव्हा सरासरी एका तासात २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे, असा हिशेब आला. प्रत्येक पडण्यातून चूक झाल्याची बातमी लहान मेंदूकडे, म्हणजे अनुमस्तिष्काकडे, जाते. मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के याच भागात असतात आणि पहिल्या वर्षात त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. पुढे मूल उंच होते, मेंदू ते पाय हे अंतर वाढते, तरी मेंदूतून मेरुरज्जूत संदेश उतरायला लागणारा वेळ दोन वर्षांच्या वयानंतर जवळजवळ तेवढाच राहतो, कारण उंचीबरोबर तंतू जाड होत जातात आणि संदेश अधिक वेगाने धावतो.

हालचालीचे जाळे केवळ स्नायूंपुरते नसते, हेही अलीकडेच उमगले. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली कॉर्टेक्सवर पाय, हात, तोंड असा सलग नकाशा मांडला होता. २०२३ साली सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना त्या नकाशात मधे मधे वेगळीच ठिकाणे सापडली. ती एकमेकांशी आणि बेत आखणाऱ्या भागांशी जोडलेली आहेत. नवजात बाळात ही रचना दिसली नाही, ११ महिन्यांच्या बाळात दिसली आणि ९ वर्षांच्या मुलात ती जवळपास प्रौढासारखी होती. प्रत्येक वयाचे एकेकच मूल तपासलेले असल्याने यावर फार मोठा इमला उभारू नये. तरी हात हलवणे आणि काय करायचे ते ठरवणे यांची सांगड जन्मानंतर बसते, एवढे त्यातून सूचित होते.

आता या मांडणीवरचा सर्वांत सबळ आक्षेप पाहू. वेन डेनिस यांनी १९४० साली अमेरिकेतील होपी आदिवासींची पाहणी केली. पाळण्याच्या फळीला बांधून ठेवलेली मुले इतरांच्याच वयाला चालू लागत होती. १९९४ नंतर अमेरिकेत बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम झाली. अशी बाळे पालथी पडायला आणि रांगायला थोडी मागे राहिली, पण चालली वेळेवरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत, जिच्यात दिल्लीची मुलेही होती, सुमारे ४ टक्के निरोगी मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि एकट्याने चालण्याचा काळ ८ ते साडेसतरा महिने इतका पसरलेला निघाला. मग अनुभवाने काय फरक पडला? उत्तर असे, की निरोगी मुलाकडे मुक्कामी पोहोचायला अनेक वाटा असतात. एक बंद झाली तर दुसरी असते, आणि होपी मुले दिवसाचा काही वेळ मोकळीही असत. सगळ्याच वाटा बंद झाल्या तर काय होते, तेही त्याच डेनिस यांनी दाखवले. तेहरानच्या गर्दीच्या अनाथालयांत, जिथे बाळे जवळपास सगळा वेळ खाटेवर पडून असत, बहुसंख्य मुले तिसरे वर्ष लागले तरी स्वतंत्र चालत नव्हती. परिपक्वता हेच उत्तर असते, तर खाटेवरही ती आली असती.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे: हालचालीनेच मेंदू घडत असेल तर तिची घाई का करू नये? निरोगी मुलाच्या बाबतीत घाईचा टिकाऊ फायदा दिसलेला नाही. बसवून फिरवणाऱ्या चाकांच्या वॉकरने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात, आणि कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. उभे राहून स्वतः ढकलायचा आपला पांगुळगाडा निदान तोल मुलाकडे ठेवतो. जमिनीवर मोकळी जागा, जागेपणी पोटावर पडायची सवय आणि जवळ माणूस, एवढे पुरते. मोठेपणीही हालचालीचे हे जाळे बदलायचे थांबत नाही. २०२० च्या एका अभ्यासात तीन प्रौढांचा धडधाकट हात दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, तर त्या हाताचा कॉर्टेक्समधला भाग दोनच दिवसांत दुसऱ्या बाजूच्या जोडीदारापासून तुटू लागला, आणि प्लास्टर निघाल्यावर पूर्ववत झाला. फरक इतकाच, की प्रौढात झालेला बदल परत फिरवता येतो, तर बाळपणी तंतूंनी गमावलेली जागा परत मिळवणे फार अवघड असते. मार्टिन यांच्या पिल्लांना अधू पाय वापरायचे शिक्षण लवकर दिले तेव्हा तंतू आणि कौशल्य सावरले. तेच उशिरा दिले तेव्हा तसा लाभ झाला नाही.

म्हणून ‘थांबा, काही मुले उशिराच चालतात’ हा सल्ला निरोगी बाळासाठी बरोबर आणि जोखमीच्या बाळासाठी घातक आहे. वेळेआधी जन्मलेले, जन्मतः गुदमरलेले, तीव्र कावीळ किंवा फिट आलेले बाळ वर्षभर वाट पाहण्यासाठी नसते. हाइन्झ प्रेख्टल यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तिसऱ्या ते पाचव्या महिन्यातल्या सहज हालचाली पाहून प्रशिक्षित डोळ्यांना सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेतून येणाऱ्या हालचालीच्या अधूपणाचा, धोका ओळखता येतो, आणि इतर तपासण्यांच्या जोडीने सहा महिन्यांच्या आत निदान शक्य झाले आहे. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळ एकच हात वापरत असेल किंवा एक मूठ सतत आवळलेली राहत असेल, तर ते कौतुकाने ‘डावखुरा होणार’ म्हणण्याचे लक्षण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला आणि त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. तिथली तपासणी मोफत असते. शंका आली तर अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारा आणि बाळाला तिथे त्याच महिन्यात घेऊन जा.