नवे धान्य भरण्यापूर्वी कोठीघराची सफाई

गुढीपाडव्याच्या सुमारास घरोघर झाडलोट व सारवण होते; परंतु ज्यात वर्षाची बेगमी ठेवावयाची ते कोठीघर पुष्कळदा तसेच राहते, असे आम्हांस दिसते. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या भिंतीच्या भेगांत अन्नावाचून वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. म्हणून नवा गहू घरात येण्यापूर्वी खोली पूर्ण रिकामी करावी, आढ्यापासून जमिनीपर्यंत झाडावी व केर घरापासून दूर जाळावा. भेगा व उंदरांची बिळे बुजवून भिंती लिंपाव्या. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावी. खोली कोरडी झाल्यावर व दाणा दाताखाली कटकन फुटू लागल्यावरच धान्य भरावे. जुने धान्य नव्यात मुळीच मिसळू नये. मूठभर किडके दाणे सारी रास नासवितात.