शेतावर माणसे वाढली, काम वाढले का?



या पानावर आम्ही नेहमी लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो तुमच्या बांधावरचाच आहे. विषय आहे मंदी आणि बेकारी.

२०२० सालच्या जून-जुलैची गोष्ट. आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही गावोगाव फिरत होतो. एरवी लागणीला घरचे एक-दोघे आणि बाकी रोजंदारीची माणसे दिसायची. त्या वर्षी सरीत पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली तरुण पोरे दिसली. कोणी पुण्याच्या कारखान्यातून, तर कोणी मुंबईच्या हॉटेलातून परत आलेला. आमचे एक जुने सभासद आहेत, त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ते म्हणाले, "साहेब, काळजी मिटली बघा. तिन्ही पोरं घरी आहेत. आता मजूर हुडकायला नको."

मी विचारले, "तात्या, ऊस तेवढाच ना, दोन एकर?"

"तेवढाच की."

"मग टनेज वाढेल का?"

तात्या गप्प झाले. त्या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठीच हे लिहीत आहे.

मंदी म्हणजे काय?

देशाचे एकूण उत्पादन वाढण्याऐवजी लागोपाठ दोन तिमाहीत घटले, की सर्वसाधारणपणे त्याला मंदी म्हणतात. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरले, आणि पुढच्या तिमाहीतही घटच राहिली.

मंदीत एक चक्र फिरते. माल खपत नाही म्हणून कारखानदार पाळी कमी करतो. पहिली कुऱ्हाड कंत्राटी आणि हंगामी कामगारावर पडते. त्याचा पगार थांबला की त्याच्या गल्लीतला किराणावाला, चहावाला, रिक्षावाला यांचाही धंदा बसतो. मग त्यांच्याकडची माणसेही घरी बसतात. त्या तिमाहीत शहरांमधला बेकारीचा दर सुमारे २१ टक्क्यांवर गेल्याची सरकारी नोंद आहे. म्हणजे काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या दर पाच माणसांत एक रिकामा.

उघडी बेकारी आणि छुपी बेकारी

शहरात काम गेले की माणूस उघडा पडतो. भाडे थकते, खाणावळ बंद होते. तो गावी आला की आई भाकरी वाढते आणि बाप खुरपे हातात देतो. आता तो बेकार आहे का? लोक म्हणतात, नाही, शेती बघतो. पण हिशेब करून पाहा.

समजा, एका घरच्या दोन एकर उसात घरच्या माणसाला वर्षात १५० दिवसांचे काम आहे. एक भाऊ शेती बघत होता, तेव्हा ते १५० दिवस त्याचे होते. तिघे आले, तेव्हा वाट्याला ५०-५० दिवस आले. काम तेवढेच, ऊस तेवढाच, खाणारी तोंडे मात्र वाढली. यातले दोघे पुन्हा निघून गेले तरी वजनकाट्यावर एक टनही कमी पडणार नाही. अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात. काम करण्याची तयारी असून पुरेसे दिवस काम मिळत नाही, ती अर्धबेकारी. आपल्या भागात या दोन्ही एकाच घरात नांदतात.

सरकारी आकड्यात हे का दिसत नाही?

देशात बेकारी मोजायच्या एका मुख्य पद्धतीत, माणसाने वर्षात एकूण ३० दिवस जरी काम केले तरी तो कामकरी धरला जातो. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही त्यात येतो. त्यामुळे ५० दिवस काम मिळालेला तात्यांचा प्रत्येक मुलगा कागदावर कामावरच आहे.

परिणाम असा झाला, की या मापाने २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के असलेला बेकारीचा दर २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के दिसला. मंदी आली आणि बेकारी उतरली! मग गेलेली माणसे कुठे दिसतात? ती शेतीच्या आकड्यात दिसतात. देशातील एकूण कामकऱ्यांपैकी शेतीवर असणाऱ्यांचा वाटा याच काळात ४२.५ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेला. त्यात घरच्या शेतीत राबू लागलेल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. पुढे बाजार सावरला, कारखाने सुरू झाले, तरी २०२३-२४ मध्ये हा वाटा ४६.१ टक्केच होता. मंदी गेली, पण शेतावरचा भार उतरला नाही.

ही अडचण जाणत्यांनी पूर्वीच ओळखली होती. प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्येच सांगितले होते, की आपल्यासारख्या देशात बेकारी एकाच आकड्यात मांडणे बरोबर नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या पाहणीपासून वर्षाचा, आठवड्याचा आणि रोजचा असे तीन हिशेब सुरू झाले. रोजच्या हिशेबात अर्ध्या दिवसाचे कामही वेगळे धरले जाते.

आपल्या बांधाखालची माणसे

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. पोरे घरी आली म्हणून आपण मजूर बंद केले. पण भांगलणीला येणाऱ्या बायकांना स्वतःची जमीन नाही. त्यांचे ते दिवस गेले. आपल्या घरची बेकारी झाकली गेली आणि ती त्यांच्या चुलीपुढे उघडी पडली. मंदी अशी शहरातून गावात आणि बागायतदाराकडून भूमिहीनाकडे उतरत जाते. त्याच वर्षी ऊसतोडणीला आलेले एक लाखाहून जास्त मजूर टाळेबंदीमुळे कारखान्यांवर अडकून पडले होते, हेही आपण पाहिले आहे.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळानंतर त्याची गरज सर्वांना पटली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला. २०२०-२१ या मंदीच्या वर्षात त्याखाली सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. तरी काम मिळालेल्या कुटुंबांची सरासरी ५१-५२ दिवसच पडली, हमी मात्र १०० दिवसांची होती.

आपण काय करावे?

१) वर्षभर एक वही ठेवा. घरातील प्रत्येकाने शेतात किती दिवस खरोखर काम केले ते लिहा, बायकांचेही लिहा. आकडा पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

२) घरी हात जास्त असतील, तर ते टनेज वाढेल अशा कामाला लावा. खोडव्यातील नांग्या वेळेवर भरणे, पाचट न जाळता सरीत कुजवणे, रोपवाटिका करणे, आडसालीत भुईमुगासारखे आंतरपीक घेणे, ही कामे मनुष्यबळ नाही म्हणूनच राहून जातात.

३) मंदीच्या भरात जमिनीचे तुकडे पाडू नका. दोन एकराचे तीन वाटे केले तर तिघेही अपुरे राहतील, आणि विहीर-मोटर यांवरून तंटा होईल तो वेगळाच.

४) मुलाचे शिक्षण किंवा हातातले कसब सोडवू नका. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर यांनी घरी थांबावे लागले तरी तालुक्याला काम बघत राहावे. शेत हा आधार आहे, नोकरीची बदली नव्हे.

५) नेहमीच्या मजुरांचे सगळेच दिवस एकदम तोडू नका. गरज पडेल तेव्हा तीच माणसे बोलवायची आहेत.

तात्यांचा मधला मुलगा पुढे पुण्याला परत गेला. धाकट्याने एक डोळ्याच्या रोपांची रोपवाटिका घातली आणि भांगलणीच्या चार बायांना तेथे काम दिले. थोरला शेती बघतो. परवा भेटले तेव्हा तात्या म्हणाले, "साहेब, तवा तिघं घरी होती तर बरं वाटायचं. पण आता तिघांनाही काम आहे."

सभासदांनी वहीचा हिशेब गट ऑफिसात जरूर दाखवावा. आमचे कर्मचारी मदत करतील. कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी