इसब कुठे उठतो? गाजर गवताच्या सत्तर वर्षांचा मागोवा

इसब तान्ह्या बाळाच्या गालांवर उठतो, शाळकरी मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत उतरतो, सतत पाण्यात हात असणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत मुक्काम ठोकतो. रोग नावाने एक, पण जागा बदलली की कारणही बदलू शकते. महाराष्ट्राला हा धडा एका तणाने दिला.

1956 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्यात आढळलेल्या एका नव्या तणाची नोंद झाली : पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आयात धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पानांवरून लोक त्याला गाजर गवत म्हणू लागले. काँग्रेस गवत हे नावही रूढ झाले. एकेका झाडाला हजारो बिया, त्यामुळे माळरान, बांध, रेल्वेमार्ग, मोकळे प्लॉट त्याने बघता बघता व्यापले.

मागोमाग त्वचेचे रुग्ण वाढले. त्यांत मुख्यतः उघड्यावर राबणारे प्रौढ पुरुष होते. चेहरा, गळा, शर्टाच्या गळ्यातून दिसणारी छाती आणि कोपरापर्यंतचे हात लाल होऊन खाजत, चिघळत. पहिल्या नजरेला हा उन्हाचा विकार वाटे. पण इसब पापण्यांवर, कानांमागे आणि हनुवटीखालीही होता, म्हणजे ऊन जिथे सहसा पोचत नाही तिथे. वाळलेल्या गवताची हवेत उडणारी धूळ मात्र तिथे पोचते आणि घामाने घड्यांत चिकटून बसते. 1974 साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांच्या शोधनिबंधाने या गवतापासून होणाऱ्या इसबाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

खात्री करायची पद्धत जुनीच होती. यादासोन यांनी 1895 मध्ये मांडलेल्या पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थ पाठीवर पट्टीखाली दोन दिवस ठेवतात आणि त्वचा उठते का ते पाहतात. गाजर गवतातला दोषी निघाला पार्थेनिन हा रासायनिक घटक. शेवंतीही त्याच कुळातली, म्हणून काही रुग्णांना तिचाही त्रास होतो.

पुढच्या दशकांत आजाराचे दुसरे रूप स्पष्ट झाले. वर्षानुवर्षे त्रास सोसलेल्या काहींना ऊनही सोसेनासे झाले; त्यांची कातडी जाड आणि काळवंडलेली झाली. क्वचित इसब सगळ्या अंगभर पसरला. पावसाळ्यात गवत माजले की दुखणेही उसळी घेई.

उपचारातही जागेचा हिशेब ठेवावा लागला. 1952 पासून हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे मलम हाताशी होते. पण 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी मोजून दाखवले, की हाताच्या तुलनेत कपाळावर हे औषध सुमारे सहापट आणि वृषणाच्या त्वचेतून चाळीसपटींहून अधिक शोषले जाते. तळपायातून मात्र अगदी थोडे. त्यामुळे तळहाताला चालणारे तीव्र मलम पापणीवर महिनोन्‌महिने चोळले, तर त्वचा पातळ होते आणि डोळ्यावरचा दाब वाढू शकतो. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या ट्यूबनी हे नुकसान कितीतरी घरांत पोचवले; 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, टाकली. मलमाने भागत नाही अशा जुनाट रुग्णांना ॲझाथायोप्रीनसारख्या गोळ्यांचा आधार मिळाला. मात्र त्यांत रक्ततपासणी चुकवून चालत नाही.

गवताशी झुंज वेगळीच चालू राहिली. 1984 मध्ये मेक्सिकोतला भुंगेरा भारतात सोडला गेला; तो पाने फस्त करतो, पण तण संपलेले नाही. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला जागरूकता सप्ताह असतो, तेव्हा शाळा-कॉलेजांतली मुले गवत उपटायला उतरतात. उपटायचे तर फुलण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, तोंडावर फडके बांधूनच. ज्यांना आधीच इसब आहे त्यांनी या कामात हात घालू नये. इसबाचे नवे रुग्ण तयार करून गवत हटवण्यात शहाणपणा नाही.