सर्व्हर भरतो तेव्हा

एका संध्याकाळी आम्हा काही डॉक्टरांची ऑनलाइन रुग्णचर्चा चालू होती. नवजात अर्भकाच्या हृदयाचा प्रश्न होता. मध्येच बालहृदयरोगतज्ज्ञांना बोलावले, परंतु त्यांचा कॉल पुनःपुन्हा नाकारला गेला. अखेर ते दूरध्वनीवर बोलले. इकोचे चलच्चित्र मात्र त्यांना पाहता आले नाही. नंतर कळले की सेवा एकाच सर्व्हरवर होती आणि केवळ ऐकायला आलेल्यांच्या कॅमेऱ्यांनी तो भरून गेला होता. तेव्हापासून या विषयाचे कुतूहल वाटू लागले.

सर्व्हरची क्षमता माणसांच्या संख्येवर ठरत नाही. चित्रे एकत्र करणारा सर्व्हर प्रत्येकाचे चित्र उलगडतो, त्यांची जुळणी करतो आणि प्रत्येकासाठी पुन्हा नव्याने बांधून पाठवतो. म्हणून चित्र जितके सुस्पष्ट, तितका भार अधिक. सिस्कोचा मीटिंग सर्व्हर १००० हा १०८०पी दर्जाचे जितके कॉल पेलतो, त्याच्या दुप्पट ७२०पी दर्जाचे. नुसत्या आवाजाचा भार त्यामानाने क्षुल्लक.

असे अनेक सर्व्हर एकत्र जोडले की क्लस्टर होतो. याच सर्व्हरांच्या गटात कॉल कुठे पाठवायचा, याचा नियम मोठा मार्मिक आहे. एखादा सर्व्हर मूळ मांडणीप्रमाणे ५० टक्के भरला की नव्या बैठकांसाठी त्याची पसंती घटते; दुसरा मोकळा असेल तर बैठक तिकडे सुरू होते. पूर्ण नकार मात्र ८० टक्क्यांनंतरच. मधली ही जागा चालू बैठकीत उशिरा येणाऱ्यांसाठी राखलेली असते. शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना बोलावलेल्या भूलतज्ज्ञाला दारातच अडवायचे नाही, त्यातला हा प्रकार!

तरीही बैठकीचा सर्व्हर भरलाच, तर येणारा सभासद दुसऱ्या सर्व्हरवर बसवला जातो आणि दोन्ही सर्व्हर एका दुव्याने जोडले जातात. बैठक एकच राहते. मात्र त्या दुव्यातून पलीकडच्या मोजक्याच जणांची चित्रे येतात, शिवाय दुव्याचा भार दोन्हीकडे पडतो तो वेगळाच. म्हणून एका बैठकीची मंडळी शक्यतो एकत्र ठेवण्याकडेच यंत्रणेचा कल असतो.

पण मुळात सर्व्हर एकत्र जोडायचेच कशाला? याचे उत्तर डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना १९१७ साली दिले. सरासरी ८ कॉलांचा ओघ असेल आणि वाहिन्या १०, तर त्यांच्या सूत्रानुसार शंभरातले सुमारे १२ कॉल परत जातात. ओघ आणि वाहिन्या दोन्ही दहापट केल्या, म्हणजे ८० आणि १००, तर हजारातले अवघे ४! प्रमाण तेच, फरक केवळ सामायिक साठ्याचा. अतिदक्षता विभागातील खाटांचा हिशेब मांडतानाही हेच सूत्र वापरतात. दहा-दहा खाटांच्या लहान विभागांतून रुग्ण परत का पाठवावे लागतात, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहेच.

पुढच्या चर्चेच्या वेळी आम्ही श्रोत्यांना कॅमेरे बंद ठेवण्याची विनंती केली आणि तज्ज्ञांना आरंभापासूनच बैठकीत बसवले. सेवा देणाऱ्यांकडे दुसऱ्या सर्व्हरची मागणीही नोंदवली आहे. त्याच्या खर्चाचा विषय कार्यकारिणीपुढे आहे.