खुशीचे पैसे

समुद्रसफरीची शेवटची रात्र म्हणजे आवराआवरीची रात्र. बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, उरलेल्या फोटोंचे पैसे चुकते करायचे, आणि मग बोटीच्या मधल्या मजल्यावर, चौकशीच्या टेबलापुढे एक लांबलचक रांग लागते. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात बिलाचा कागद असतो आणि त्यावरच्या एका ओळीभोवती पेनाने गोल केलेला असतो. त्या ओळीवर लिहिलेले असते 'ग्रॅच्युइटी'. आपल्याकडे या शब्दाने निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम आठवते. बोटीवर तो टिपसाठी वापरतात.

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना दोनदा फ्लोरिडाहून कॅरिबियन समुद्राची सफर करण्याचा योग आला. दोन्ही वेळा ही रांग पाहिली. काही जण ती ओळ म्हणजे काय हे विचारायला आलेले असतात, काही जण ती खोडून घ्यायला. खोडून घेता येते हे विशेष. टेबलामागची मुलगी हसून एक फॉर्म पुढे करते, तुम्ही सही करता आणि पैसे परत. कारण कागदोपत्री ही रक्कम ऐच्छिक असते.

रक्कम लहान नाही. कार्निव्हल कंपनीने २०२३ मध्ये साध्या केबिनसाठी माणशी रोजचे १६ डॉलर ठरवले, रॉयल कॅरिबियनने त्याच वर्षी १८, आणि नॉर्वेजियनने तर वर्षाच्या सुरुवातीलाच २० केले. हे आकडे वरच सरकतात, खाली आल्याचे ऐकिवात नाही. १८ डॉलरचाच हिशेब धरला तर आई, वडील आणि दोन मुले अशा चौकोनी कुटुंबाचे सात दिवसांचे ५०४ डॉलर होतात. आपल्या पैशांत चाळीस हजारांच्या वर! बारमधल्या प्रत्येक पेल्यावर १८ ते २० टक्के लागतात ते वेगळेच. तिकीट काढताना जाहिरातीत जो आकडा पाहून मन हरखले होते, त्यात यातले काहीच नसते. तेव्हा रांगेतल्या माणसाच्या कपाळावरची आठी समजण्यासारखी आहे.

त्या रांगेत आपली मंडळीही होती. बोलणे मराठीतून चाललेले असल्याने कानावर पडत होते. एका गृहस्थांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. ते म्हणाले, "आपल्याकडे हॉटेलवाल्यांना सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही. कोर्टानेच सांगितलंय. मग इथे का द्यायचा?" गोष्ट खरी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. परंतु इथेच घोटाळा होतो. उडुपी हॉटेलातला वेटर निदान कागदावर तरी किमान वेतन कायद्याच्या छत्राखाली असतो. मालकाने तो पाळला नाही तर दाद मागायला एक ऑफिस असते. बोटीवरच्या वेटरचे छत्र कोणते?

जहाजाला ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा, हा समुद्रावरचा जुना नियम. म्हणून मायामीत कार्यालये थाटून, अमेरिकन प्रवाशांना अमेरिकन बंदरांतून नेणाऱ्या या कंपन्यांच्या बोटींवर फडकतात ते बहामा, पनामा, बर्म्युडाचे झेंडे. कंपन्यांची नोंदणीही तशीच दूरदूरची. रॉयल कॅरिबियन लायबेरियात, नॉर्वेजियन बर्म्युडात आणि कार्निव्हलची १९७४ सालची नोंदणी पनामातली. अमेरिकेच्या किमान वेतन कायद्यातच असे स्पष्ट लिहिले आहे की, परदेशी झेंड्याच्या जहाजावरील खलाशाला तो लागू नाही. आणि बोटीवर चादरी बदलणारा मुलगाही कायद्याच्या भाषेत खलाशीच. हवाई बेटांभोवती फिरणारी 'प्राइड ऑफ अमेरिका' ही मोठी बोट अमेरिकन झेंड्याखाली आहे. तिथले कर्मचारी अमेरिकन आणि पगारही अमेरिकन कायद्याप्रमाणे. (टिप तिथेही लावतात, ही गंमत आहेच.)

आंतरराष्ट्रीय कायदा अगदीच नाही असे नाही. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आला, भारताने २०१५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. कामाचे तास, विश्रांती, परतीचा प्रवास, जेवण, औषधोपचार हे सारे त्यात आहे. परंतु त्यातल्या कामाच्या तासांची मर्यादा दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ आहे, यावरूनच त्या आयुष्याचा अंदाज यावा. किमान पगाराचा जो जागतिक आकडा ठरवला जातो तो डेकवरच्या अनुभवी खलाशासाठी. वेटर आणि सफाईवाला यांचा त्यात उल्लेख नाही.

आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मुलगा गुहागरच्या बाजूचा निघाला. पहिले दोन दिवस "गुड मॉर्निंग सर" चालले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही आपसात काहीतरी बोललो आणि त्याचा चेहरा उजळला. मग आम्ही काका-काकू झालो. कोकणात आणि गोव्यात 'बोटीवर आहे' एवढे सांगितले की पुढचे विचारावे लागत नाही. गोव्याकडे त्याला 'तारवटी' म्हणतात आणि घराला नवे छप्पर आले की ते तारवट्याचे घर असावे असा अंदाज बांधतात. हा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून मुंबईच्या एका एजंटामार्फत आलेला. करार आठ महिन्यांचा, त्यात साप्ताहिक सुट्टी नाही. सकाळी सातला सुरुवात, दुपारी थोडी झोप, रात्री दहाला टॉवेलाचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवले की दिवस संपला. अशा अठरा केबिनी त्याच्याकडे.

मी त्याला सरळच विचारले, "बाबा रे, ते टिपचे पैसे तुला मिळतात का?"

तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मिळतात काका. पण ते वरचे पैसे नाहीत. तोच पगार आहे."

सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. अनेक करारांत एक लहानसा मूळ पगार असतो आणि टिपच्या वाट्यासह अमुक इतकी रक्कम मिळेल अशी हमी असते. प्रवाशांकडून आलेले पैसे त्या हमीपर्यंत पोचेतोवर, प्रवाशाचा प्रत्येक डॉलर हा कंपनीचा वाचलेला डॉलर. त्यापलीकडे गेले तर मुलाचा फायदा. थोडक्यात, नोकर कंपनीचा, हुकूम कंपनीचा, आणि पगार मात्र त्या त्या आठवड्याचे पाहुणे देणार. पाहुण्याला तो कापण्याचाही अधिकार, तोही कारण न देता.

पूर्वी हे निदान उघडउघड चालायचे. शेवटच्या रात्री केबिनमध्ये कोरी पाकिटे ठेवलेली असत. कॅबिन स्टुअर्डला दिवसाचे साडेतीन डॉलर, तेवढेच वेटरला, त्याच्या मदतनिसाला दोन, असे सुचवलेले दर असत आणि आपण पाकीट हातात द्यायचे. त्या काळी काही बोटींवर वेटरचा मूळ पगार महिन्याला ५० डॉलर होता. दिवसाचा नव्हे, महिन्याचा. पुढे २००० साली नॉर्वेजियनने 'फ्रीस्टाइल' सफरी सुरू केल्या. वाटेल तेव्हा, वाटेल त्या टेबलावर जेवा! रोज वेगळा वेटर म्हटल्यावर पाकीट कोणाला देणार? मग ती रक्कम बिलात आली आणि पाहता पाहता सगळीकडे तीच पद्धत रुळली.

या बदलाची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. पाकिटाच्या काळात समोर दिसणाऱ्यालाच पैसे मिळत. बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, चादरी धुणारा किंवा भांडी घासणारा माणूस कोणत्या पाहुण्याने पाहिला आहे? बिलातल्या रकमेचा वाटा त्यांच्यापर्यंतही जातो. म्हणून रांगेत उभे राहून ती ओळ खोडायची आणि 'आपल्या' मुलाच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवून उदार व्हायचे, हा व्यवहार मला पटत नाही. त्यात खालच्या मजल्यावरच्यांचे पैसे जातात. शिवाय काही कंपन्यांचा नियम असा की, पाहुण्याने बिलातली टिप काढली असेल तर त्याने हातात दिलेली नोटही मुलाने सामाईक पेटीत जमा करायची. म्हणजे त्या नोटेनेही त्याचे भले होत नाही.

मालकाने कमी द्यायचे आणि उरलेले गिऱ्हाइकाच्या दयेवर सोडायचे, ही युक्ती बोटवाल्यांनी शोधलेली नाही. १८६७ नंतर अमेरिकेत पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय नोकर ठेवले. पगार तुटपुंजा, बाकी टिप. प्रवासी त्या सगळ्यांनाच मालकाच्या नावावरून 'जॉर्ज' अशी हाक मारीत. त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ साल उजाडले. अमेरिकेत टिपवर जगणाऱ्यांचे केंद्रीय किमान वेतन १९९१ साली तासाला २ डॉलर १३ सेंट ठरले, ते तिथेच गोठले आहे.

आपल्याकडे दिवाळीचे पोस्त असते. पोस्टमन, रखवालदार, केर काढणारी बाई यांना आपण खुशीने काही देतो. कोणी दिले नाही तर वाईट वाटते, पण म्हणून पोस्टमनचा पगार कापला जात नाही. गावगाड्यातल्या बलुतेदारीत अन्याय पुष्कळ होता, त्याची भलामण मला करायची नाही. तरीही बलुते हा कामाचा हक्क मानला जाई, बक्षिसी नव्हे. बोटीवर हक्कालाच बक्षिसीचे नाव दिले आहे.

तक्रार करणाऱ्यांचे काय होते? २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांत एक प्रकरण गाजले. पी अँड ओ कंपनीच्या 'आर्केडिया' बोटीवरच्या सुमारे दीडशे भारतीय वेटरांनी, बोट सिएटल बंदराला लागली असताना, पगार आणि टिप यांबद्दल धक्क्यावर शांतपणे निदर्शने केली होती. दीडेक तासात ते कामावर परतले. करार संपल्यावर मात्र त्यांना पुन्हा घेणार नाही असे कळवण्यात आले. तिथे नोकरीवरून काढण्याची गरजच नसते. पुढचा करार दिला नाही की झाले.

त्याच पी अँड ओने २०१९ मध्ये बिलातली टिप बंद करून भाड्यातच खर्च धरायला सुरुवात केली. जर्मनीतल्या कंपन्या, ऑस्ट्रेलियातल्या अनेक सफरी यांत पूर्वीपासून तसेच आहे. कोणाचे दिवाळे निघाले नाही. मग बाकीचे तसे का करत नाहीत? उत्तर जाहिरातीत आहे. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात छुपे आकार लपवायला कायद्याने मनाई झाली. सफरीच्या कंपन्यांना बंदराचे कर आणि शुल्क जाहिरातीतल्या किमतीतच दाखवावे लागले. टिप मात्र बाहेर राहिली, कारण ती 'ऐच्छिक'! तेव्हा हा एक शब्द कंपनीला फार उपयोगी पडतो. भाडे कमी दिसते, पगाराचा बोजा प्रवाशावर जातो, आणि राग आला तर तोही कंपनीवर न येता वेटरवर येतो.

२०२० च्या मार्चमध्ये सगळ्या सफरी थांबल्या तेव्हा हजारो भारतीय कर्मचारी बोटींवरच अडकले होते. एप्रिलमध्ये मुंबई बंदरात 'मरेला डिस्कव्हरी'वरून शंभराहून अधिक जणांना उतरवून घेतले, त्याची छायाचित्रे वाचकांना आठवत असतील. पाहुणे नाहीत म्हणजे टिप नाही. आमचा गुहागरचा मुलगा त्या वर्षी घरीच होता. बारा महिने काजूच्या बागेत काढले, म्हणाला. कर्ज होते, एजंटाचे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे कायद्याने बंद आहे, हे मी त्याला सांगितले. तो नुसता हसला.

मी दोन्ही वेळा बिलातली ओळ तशीच ठेवली. वर काही द्यायचे ते शेवटच्या रात्रीसाठी न ठेवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिले. परंतु उतरण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाने जे मागितले ते पैसे नव्हते. सफर संपल्यावर कंपनी एक प्रश्नावली पाठवते. दहापैकी नऊ गुण दिले तरी तो वेटरला नापास केल्यासारखाच असतो, आणि पुढचा करार, बढती, बऱ्या केबिनी हे सारे त्या कागदावर ठरते.

"काका, फॉर्म आला की माझं नाव लिहा," तो म्हणाला. "आणि स्पेलिंग तेवढं बॅजवरचंच लिहा. मागच्या वेळी एका बाईंनी खूप चांगलं लिहिलं होतं, पण ते दुसऱ्याच मुलाच्या नावावर गेलं."