हिवाळी परीक्षा आणि वेचणीचा हंगाम

महागाव तालुक्यात कापूस फुटायला लागतो तो दसऱ्याच्या सुमारास, आणि वेचणी पार संक्रांतीपर्यंत चालते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही याच दिवसांत येते. शहरातल्या वाचकाला वाटेल, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? जिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचे लेकरू आहे अशा विद्यार्थिनीला तो सांगावा लागत नाही. लेकरू सांभाळते सासू, नाहीतर आई; आणि वेचणीला जातेही तीच. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. सुनेने तीन तासांचा पेपर द्यायचा तर सासूचा रोज बुडतो. सहा पेपर असले तर सहा रोज. परीक्षा शुल्काच्या पावतीवर ही रक्कम कुठे येत नाही, घरात मात्र ती बरोबर मोजली जाते. एखाद्या घरात ती बोलूनही दाखवली जाते.

विद्यार्थिनी असलेल्या आईला मदत म्हणजे काय, या प्रश्नाची सुरुवात इथून करायला हवी. एरवी चर्चा लगेच शिष्यवृत्तीकडे वळते.

अशा विद्यार्थिनी किती, हे कोणी सांगू शकत नाही, कारण कोणी विचारलेलेच नाही. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात जात, प्रवर्ग, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, अपंगत्व असे सगळे रकाने असतात. ‘मूल आहे का’ हा रकाना नसतो. केंद्र सरकारचे उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण मुली-मुलगे मोजते, अनुसूचित जाती-जमाती मोजते, आया मोजत नाही. आडून अंदाज मात्र बांधता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. अठरा ते एकविसाच्या दरम्यान झालेली लग्ने या आकड्यात नाहीतच. आपल्या भागात मुलगी बघायला आलेली मंडळी ‘लग्नानंतर शिकवू’ म्हणतात, आणि पुष्कळदा तो शब्द पाळतातही. पहिल्या वर्षाला लग्न, दुसऱ्या वर्षाला बाळंतपण, तिसऱ्या वर्षाला एटीकेटी हा क्रम प्राध्यापकांच्या इतक्या ओळखीचा झाला आहे, की त्यात कोणाला विशेष काही वाटत नाही.

बाळंतपणानंतर ती पुन्हा महाविद्यालयात येते, आणि पहिली गाठ पडते ती कागदांशी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव. लग्नानंतर आधार कार्डावर सासरचे. जातीचा दाखला वडिलांच्या नावाने निघालेला, आणि जात वडिलांकडूनच येत असल्याने तो तसाच राहणार. बँकेचे खाते आधारशी जोडलेले, तेव्हा त्यावरचे नाव सासरचे. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा म्हटले की ही दोन नावे एकमेकांना भेटतात आणि अर्ज अडकतो. मग विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, नाहीतर राजपत्रात नाव बदलाची जाहिरात, नाहीतर आधार पुन्हा बदलून आणणे. ओटीपी येतो तो नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि नवरा ऊसतोडीला किंवा पुण्याकडे कंपनीत गेलेला. सेतू केंद्रात खिडकीपुढे उभे राहायचे, काखेत लेकरू, आणि पलीकडचा माणूस फोनवर सहा आकडे सांगणार. उत्पन्नाचा दाखला कोणाचा लावायचा हा पुढचा घोळ. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत विवाहित, बेरोजगार विद्यार्थिनीसाठी नवऱ्याचे उत्पन्न धरावे असे स्पष्ट लिहिलेले आहे. हे ठाऊक नसल्याने माहेरी खेटे घालणाऱ्या मुली असतात. ज्यांनी हा लेख इथवर वाचला त्यांनी एवढी एक गोष्ट तरी ओळखीतल्या कोणाला सांगावी.

पैशाच्या योजना आहेत, आणि त्या नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. दवाखान्यात बाळंतपण झाले तर जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला ७०० रुपये. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, ‘लेक लाडकी’तून जन्माच्या वेळी ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार. आई विधवा किंवा एकटी असेल तर बालसंगोपन योजनेतून मुलासाठी महिना २,२५० रुपये. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात ही शेवटची योजना फार मोलाची आहे. जुलै २०२४ पासून ‘माझी लाडकी बहीण’चे महिना १,५०० रुपयेही आले, पण त्याला वयाची अट २१ ते ६५ अशी आहे. एकोणीस वर्षांची आई सरकारच्या लेखी अजून बहीण झालेली नसते!

हे झाले आई म्हणून. विद्यार्थिनी म्हणून शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. २०२४-२५ पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगलाच आहे. परंतु महागावची तरुण आई बहुतेक वेळा बी.ए.ला असते, आणि तिथे शुल्काचे ओझे मुळात थोडे. तिला अडवते ते घरापासून महाविद्यालयापर्यंतचे अंतर आणि मधले पाच-सहा तास.

सगळ्या योजना एकत्र मांडून पाहिल्या तर एक गंमत लक्षात येते. महिला व बालविकास खात्याला ती आई म्हणून ठाऊक आहे. समाजकल्याण आणि उच्च शिक्षण खात्याला विद्यार्थिनी म्हणून. ती एकाच वेळी दोन्ही आहे, हे ठाऊक असलेले खाते नाही. बाळंतपणाच्या महिन्यांत हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली की विद्यार्थिनी म्हणून मिळणारे धोक्यात येते, आणि तेही आई म्हणून पैसे मिळतात त्याच महिन्यांत.

हजेरीचा प्रश्न न्यायालयांनी बऱ्यापैकी पुढे नेला आहे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विधी शाखेतल्या विद्यार्थिनींना गरोदरपणामुळे हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेपासून रोखले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या अब्दुल कलाम तंत्र विद्यापीठाला विद्यार्थिनींच्या बाळंतपणासाठी नियम करायला सांगितले. मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातल्या एम.एड.च्या विद्यार्थिनीने ५९ दिवसांची प्रसूती रजा मागितली होती, ती विद्यापीठाने नाकारली. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. शिक्षण की मूल, अशी निवड स्त्रीवर लादता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राने सर्व विद्यापीठांना पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा व हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितले आहे. पीएच.डी. करणारीला मात्र आयोगाने स्वतःच २४० दिवसांची रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सूट देऊन टाकली. पीएच.डी.ला बसलेली स्त्री साधारण पंचविशी-तिशीतली, बहुधा शहरात राहणारी, तिला हक्क. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या वीस वर्षांच्या मुलीला विद्यापीठ ठरवील तेवढे. केरळने २०२३ च्या जानेवारीत राज्यातल्या विद्यापीठांत अठरा वर्षांवरील विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा जाहीर करून हा भेद बराच मिटवला. महाराष्ट्राला यात केरळच्या मागे राहण्याचे काही कारण नाही, कारण शिकणाऱ्या आईची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

पंडिता रमाबाईंचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली वारले तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. १८८३ मध्ये रमाबाई तिला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या. वाँटेज इथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत, तेव्हा मुलीला सांभाळायला वाँटेजच्या भगिनी होत्या. रमाबाईंच्या विद्वत्तेवर, त्यांच्या धर्मांतरावर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. मनोरमा दिवसभर कोणाजवळ होती, यावर फारसे कोणी लिहिले नाही. त्या भगिनी नसत्या तर पुढचे किती घडले असते, सांगता येत नाही. मुंबईत ११ मार्च १८८९ ला शारदा सदन उघडणारी बाई स्वतः लेकुरवाळी विद्यार्थिनी राहिलेली होती. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले तेव्हा प्रौढ, विवाहित स्त्रियांचे वर्ग दुपारी ठेवले, कारण तेव्हाच घरकामातून सवड मिळायची. वेळापत्रक बाईच्या दिवसाकडे पाहून आखायचे, ही अक्कल तेव्हा होती.

आता पाळणाघराकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने बऱ्याच बायका कामाला असलेल्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केले. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ते लागू झाले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर अशी तरतूद होती, की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच मुले असली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला मजुरी द्यायची. रोजगार हमीचा जन्मच महाराष्ट्रातला. शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाचा. मातीकाम करणाऱ्या आईच्या लेकराची कायद्याने अशी सोय लावली. तीच आई फावडे ठेवून महाविद्यालयात गेली की तिच्या लेकराची जबाबदारी कोणाचीच नाही.

गावात अंगणवाडी आहे की, असे कोणी म्हणेल. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले बसतात, तीही काही तास. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो. ते मूल तिथे ठेवता येत नाही. पदवीची तीन वर्षे आणि बाळाची पहिली तीन वर्षे एकत्र आली की अंगणवाडीचा उपयोग शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेत डे केअर केंद्रांची योजना काढली होती. त्यात कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांची आणि संशोधकांची मुलेही धरलेली होती. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना तिचे नावही ठाऊक असेल असे वाटत नाही.

मग उरते मुक्त विद्यापीठ. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ ला स्थापन झाले आणि त्याने कित्येक गृहिणींना पदवीपर्यंत नेले, हे निर्विवाद. पण ‘बाळ आहे ना, मग मुक्तमधून कर’ हा सल्ला जरा फार सहज दिला जातो. नर्सिंग, फार्मसी, बी.एस्सी. यांना प्रत्यक्ष हजर राहावे लागते, आणि नोकरी लवकर मिळण्याची शक्यता तिथेच जास्त. शिवाय घरी अभ्यास म्हणजे घरकामाच्या मधल्या वेळात अभ्यास. नव्या शैक्षणिक धोरणातली श्रेयांक पेढी मात्र या मुलींच्या कामाची आहे: मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात आणि मध्ये थांबून पुन्हा यायला वाट राहते. प्रवेशाच्या वेळी हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

जर्मनीत शिकणाऱ्या पालकाला सरकारी शैक्षणिक साहाय्याबरोबर मुलासाठी महिना १६० युरो वेगळे मिळतात. इंग्लंडात पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या पाळणाघराच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग सरकार उचलते. त्यांच्या तिजोऱ्या मोठ्या आहेत, हे खरे. पण त्यांनी मुलाला शिक्षणाच्या खर्चातच धरले, आणि एवढे धरायला तिजोरी मोठी लागत नाही.

आपल्याकडे त्यासाठी नवी योजना काढायचीही गरज नाही. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तली ‘पाळणा’ योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास सांभाळण्यासाठी आहे, आणि आई नोकरी करते की नाही ही जुनी अट तिने काढून टाकली आहे. विद्यार्थिनी तिच्यात बसते. अंगणवाडीलाच जोडून हे पाळणाघर चालवायचे, त्यासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस नेमायची. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर हे आणखी एक ओझे टाकू नये; तिच्याकडे नोंदवह्या आधीच पुष्कळ आहेत. देशभरात अशी १७,००० केंद्रे २०२५-२६ पर्यंत उघडण्याचे उद्दिष्ट होते, आणि अंगणवाड्या आहेत सुमारे चौदा लाख. जो तालुका मागणार नाही त्याच्या वाट्याला केंद्र येणार नाही, हे उघड आहे.

म्हणून महागावच्या प्राचार्यांना, नगरपंचायतीला आणि तालुक्यातल्या सरपंचांना विनंती आहे. प्रवेश अर्जाला एक रकाना जोडा: तीन वर्षांखालचे मूल आहे का? आकडा हातात आला की महाविद्यालयाजवळच्या अंगणवाडीत ‘पाळणा’ केंद्र द्यावे असा ठराव करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे पाठवा. आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राची प्रत महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावा. ठराव या हंगामात झाला तर निदान पुढच्या हिवाळी परीक्षेला सासूला वेचणीला जाता येईल आणि सुनेला पेपरला.